सासूबाईंच्या नावावरची गाडी

थोरलीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ती आत भांडी घासत होती आणि बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ भांडत होते. भांडण गाडीवरून. गाडी म्हणजे काय, तर दुसऱ्या कोणी चालवून चालवून टाकायला काढलेली, एक दार निळं आणि बाकी सगळी पांढरी. पण घरात आलेली पहिलीच गाडी, त्यामुळे भांडायला तेवढी पुरे होती.

"कागद माझ्या नावावर होणार. मी थोरला आहे," थोरलीचा नवरा म्हणत होता.

"थोरला आहेस तर थोरल्यासारखे पैसे घालायचे होतेस," धाकटा म्हणाला. "निम्म्याच्या वर माझा पगार गेलाय त्यात."

"तुझा पगार. आणि तुला शिकवलं कोणी?"

"झालं, निघालं शिकवलेलं. आता लहानपणी किती भाकरी खाल्ल्या तेही काढ."

थोरलीने नळ बारीक केला. नव्या घरातली माणसं समजून घ्यायची तर नळ बारीक ठेवावाच लागतो. आवाज चढत गेले, एकाने दुसऱ्याला हलकट म्हटलं, दुसऱ्याने त्याला बायकोच्या देखत लाज काढायची धमकी दिली. आणि मग तिसरा आवाज आला, अगदी साधा, भाजी संपली असं सांगावं तसा. सासूबाई खिडकीपाशी शर्टाला काज करत बसल्या होत्या. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर करा. मी मेल्यावर काय भांडायचं ते भांडा."

दोघांनाही ते पटलं, कारण दोघांच्याही मनात एकच आलं, की चला, निदान त्याच्या नावावर तर होत नाही. जिला गाडीचं दार आतून कसं उघडतात तेही ठाऊक नव्हतं, त्या बाईच्या नावावर गाडी झाली ती अशी.

सासूबाईंना सगळी गल्ली काजवाली म्हणायची. शिंप्याकडून शिवलेल्या शर्टांचं गाठोडं घरी आणायचं, हाताने काजं करायची, बटणं लावायची आणि गाठोडं परत न्यायचं. मशीनची काजं आली, बाकीच्या बायकांचं काम गेलं, पण ह्यांचं राहिलं. काम चांगलं होतं हे खरंच, पण खरं कारण वेगळं. शिंप्याला त्यांना नको म्हणायची छाती नव्हती. गाठोडं त्याच्या हातात द्यायच्या आधी त्या वरचा शर्ट उलगडायच्या आणि म्हणायच्या, "घालून बघ." शिंप्याने त्यांच्या डोळ्यांदेखत एक बटण काजात घालायचं. "बसलं?" "बसलं." तेव्हा कुठे गाठोडं त्याच्या हातात. शिंपी टक्कल पडून आजोबा झाला, तरी ही परीक्षा सुटली नाही.

धाकटा पुढे वेगळा झाला. वेगळा झाला म्हणजे शिव्या देत गेला. त्याची बायको पहिलटकरीण, अवघडलेली, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा तो गाडी मागायला आला होता. थोरला म्हणाला, पेट्रोल नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण भावाभावांचं त्या दिवशी जे तुटलं ते तुटलं. थोरला गेला तेव्हा धाकटा आला, खांदा दिला, आणि पाणीही न पिता गेला. वहिनीशी एक शब्द नाही. थोरलीनेही मग भावजी म्हणायचं सोडलं. घरात विषय निघालाच तर 'तो' म्हणायची, आणि तो म्हणजे कोण हे समजत असे.

गाडी राहिली थोरलीकडे. नवरा गेल्यावर ती चालवायला शिकली. मागच्या सीटवर सासूबाई बसून शिकवायच्या, ज्यांना स्वतःला काही येत नव्हतं. "त्या बाईला मार आता, एवढीच राहिली आहे," असलं शिकवणं. थोरली लाँड्रीत इस्त्रीला होती, दिवसभर वाफेत उभी, पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. पगार हातात पडायच्या आधी वाटून झालेला असायचा. पण गाडीत बसली की ती बसलेली असायची, आणि तेवढ्यावर ती त्या गाडीवर जीव टाकायची.

मग सासूबाईंची मूत्रपिंडं थकली. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. "तुझ्या लाँड्रीत चादरी धुतात, इथे मला धुतात," त्या थोरलीला म्हणायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक पाळी चुकली तर सूज चढेल, दोन चुकल्या तर पाणी छातीत जाईल. बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. टॅक्सी रोजची परवडणारी नव्हती. म्हणून गाडी. सीटवर चौकोनी गादी, मागे शर्टांचं गाठोडं, जाताना शिंप्याकडे टाकायचं आणि पुढे दवाखाना.

त्या दिवशी सासूबाईंचा पाय इतका सुजला होता की चप्पल चढेना. थोरलीने गाडी दवाखान्याच्या अगदी दारात, पिवळ्या चौकटीत लावली. ती चौकट ॲम्ब्युलन्सची, हे तिला वाचता येत होतं. पण सासूबाईंना धरून आत न्यायचं आणि परत यायचं, एवढंच काम. आत खुर्ची रिकामी नव्हती. खुर्ची मिळाली तर नर्स नव्हती. नर्स आली तर फाईल नव्हती. थोरली बाहेर आली तेव्हा चौकट पिवळी आणि मोकळी होती, मधोमध तेलाचा एक ओला डाग.

"टोइंगवाल्याने नेली," दारावरचा पहारेकरी म्हणाला. "मी म्हटलं, पेशंट सोडायला आलेत, येतील. तर म्हणाला, मला माहीत आहे कोण आलंय."

"कसा होता?"

"उंच, मिशा पिकलेल्या. गाडीभोवती एक फेरी मारली त्याने. निळ्या दारावर हात ठेवून उभा राहिला जरा वेळ. मला वाटलं विकत घेतोय."

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. टोइंगच्या ट्रकवर कोण आहे हे तिला ठाऊक होतं. सीटवरची गादी त्याने बघितली असणार. ती त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याची होती. गाठोडं बघितलं असणार, असल्या गाठोड्यांच्या उशीवर तो वाढला होता. बघून उचलली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून ती यार्डात गेली. पत्र्याचं कुंपण, आत उचलून आणलेल्या गाड्या दाटीवाटीने उभ्या, आणि एका खोक्याएवढ्या खोलीत जाळीमागे एक कारकून. त्याने चष्म्याच्या वरून बघितलं. उचलायचा चार्ज, दंड, आणि गाडी ठेवायचं रोजचं भाडं, अशी त्याने बेरीज केली आणि कागद फिरवून तिच्यापुढे धरला.

थोरलीने आकडा बघितला. "एवढ्यात अशा दोन गाड्या येतील."

"मग दोन घ्या."

"माझा महिन्याचा पगार इतका नाही."

"ते मला सांगून काय उपयोग बाई? उद्या आलात तर उद्याचं भाडं चढेल. परवा आलात तर परवाचं. मी सांगतो ते तुमच्या भल्याचं आहे."

"निदान मागचं गाठोडं द्या. शिंप्याचे शर्ट आहेत, लोकांचे आहेत."

"मालकाला देतो. मालक कोण?" त्याने कागद चाळला. "ही कोण?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांना आणा. स्वतः यायचं, सही करायची."

"त्यांना चालता येत नाही."

"मग गाडीने आणा."

"गाडी तुमच्याकडे आहे."

"मग दुसरी बघा," कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फाटकापाशी ट्रकच्या पायरीवर धाकटा चहा पीत बसला होता. तिला बघून तो उठला नाही, हललाही नाही. थोरली त्याच्यासमोरून जाताना थांबली आणि ट्रकच्या चाकाकडे बघत म्हणाली, "आईच्या औषधपाण्याची गाडी उचलताना लोकांचे हात थरथरत नाहीत."

"जागा ॲम्ब्युलन्सची होती," धाकट्याने चहाकडे बघत उत्तर दिलं. "कोणाची तरी आई त्यातही असते. नियम सगळ्यांना सारखा."

"सूड म्हणा की सरळ."

"सूड घ्यायचा असता तर कधीच घेतला असता. माझी बायको तीनचाकीतून हिसके खात गेली, तेव्हा ती गाडी तुमच्या दारात उभी होती. पेट्रोल नव्हतं म्हणे. संध्याकाळी तुम्ही दोघं त्याच गाडीतून बाजाराला गेलात. मी दवाखान्याच्या खिडकीतून बघितली. निळं दार लांबून ओळखू येतं."

थोरली जास्तच चिडली आणि घरी गेली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडणं नाही, शापणं नाही. फक्त विचारलं, "गाठोड्यात वरचा शर्ट कुठला होता, निळा की रेघांचा?"

"अहो आई, गाडी गेली आणि तुम्ही शर्ट काय विचारता?"

"रेघांच्या शर्टाची दोन काजं राहिली आहेत," त्या म्हणाल्या. "उद्या माझी पाळी आहे. मला कसं नेणार आहेस?"

थोरलीने डबा उघडून पैसे मोजले. टॅक्सीचे पैसे उद्यापुरते निघाले असते. त्याच्या पुढच्या पाळीचे नसते निघाले.

सकाळी सासूबाईंनी स्टूल रस्त्यावर न्यायला सांगितलं. घरासमोर, जिथे गाडी उभी असायची त्याच्याही पुढे, येण्याजाण्याच्या वाटेत. घोंगडीची घडी घालून त्यावर बसल्या, गादी गाडीत अडकल्याबद्दल कुरकुरल्या, आणि खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'रस्त्यात अडथळा असल्यास कळवा', खाली फोन नंबर.

"लाव तो."

"आई, शेजारीपाजारी बघतायत."

"बघू दे. तिकीट लावलेलं नाही."

फोन लागला तसा त्यांनी तो स्वतःच्या कानाला लावला. "रस्त्यात अडथळा आहे. हो. नंबर नाही त्याला. रंग पांढरा. जुनी आहे, फार जुनी. नाही, ढकलून हलत नाही, आम्ही बघितलं." मग पत्ता सांगितला आणि फोन सुनेला दिला. "येतोय म्हणाला."

त्या भागाला ट्रक एकच होता. धाकटा वळणावर आला आणि त्याने लांबूनच ब्रेक मारला. मागे दोन रिक्षा, एक दूधवाला, सगळे हॉर्न वाजवायला लागले. तो खाली उतरला.

"आई, हे काय?"

"अडथळा. उचल."

"लोक थांबलेत. घरात जा."

"घरात जायला उठवत नाही मला. तुझं कामच आहे ना, वाटेत असेल ते उचलायचं? गादी दिसली होती तुला गाडीत?"

"दिसली."

"शर्ट दिसले?"

"दिसले."

"मग?"

"जागा ॲम्ब्युलन्सची होती."

सासूबाईंनी मान हलवली. "बरोबर केलंस. आता मला तुमच्या यार्डात ने. मालक लागतो म्हणे."

त्याने आईला उचललं. दुसरं करणार काय, मागे आता बसही येऊन थांबली होती. उचलताना ती किती हलकी झाली आहे हे त्याच्या तोंडावर उमटलं, आणि ते थोरलीने बघितलं, आणि थोरलीने बघितलं हे त्याने बघितलं. त्यामुळे तो आणखीच कडू झाला. "दुसऱ्या बाजूने चढायला सांग तिला," तो आईला म्हणाला.

यार्डात कारकुनाने पुन्हा बेरीज केली, एका दिवसाचं भाडं वाढवून. सासूबाईंनी जाळीला नाक लावून विचारलं, "आणि नाही भरले तर?"

"तर भाडं चढत राहील. शेवटी गाडी मोडीत जाईल आणि वर बाकी तुमच्याच नावावर. नाहीतर आजच गाडी आम्हाला लिहून द्या. मग आमचं तुमच्याकडे काही नाही. आतलं सामान घेऊन जा."

"आण कागद."

"आई, थांबा," थोरली म्हणाली. "ह्यांची आठवण आहे ती गाडी. मी काहीतरी करते. लाँड्रीत उचल मागते."

"उचल तू आधीच घेतली आहेस. मला सांगितलं नाहीस, पण घेतली आहेस."

"तिला काय विचारायचं, मला विचार," धाकटा मागून बोलला. "निम्म्याच्या वर पैसे माझे आहेत त्यात. मोडीत कशी देतेस?"

सासूबाई वळल्या. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला उभी होती, आणि तीही सासूबाईंच्या विरुद्ध. "तुझीही नाही आणि तिचीही नाही. माझी आहे. तुम्हीच ठरवलंत."

त्यांनी सही केली. अक्षर अक्षर कोरून, काज करावं तशी. कारकून घड्याळाकडे बघत होता, त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. मग थोरली गाडीतून गादी घेऊन आली, गाठोडं घेऊन आली. समोरच्या कप्प्यात नवऱ्याचा कंगवा होता, तो तिने पदराखाली घेतला. स्टिअरिंगचं कव्हर तिने हाताने शिवलेलं होतं. ते काढायला गेली तर निघेना, टाके पक्के होते. ती ते दातांनी उसवत बसली. धाकटा लांब उभा राहून बघत होता. मग आला, खिशातली पाती काढून सीटवर टाकली, आणि एक शब्द न बोलता परत गेला. तिने पाती वापरली. आभार मानले नाहीत. पातीही परत केली नाही.

"आता मला गाडी नाही," सासूबाई यार्डाच्या मुकादमापुढे म्हणाल्या. मुकादम गलका ऐकून बाहेर आला होता, गलेलठ्ठ, कानात काडी घालत. "एक दिवसाआड माझी पाळी असते, आजही आहे. हा मुलगा मला नेईल. ह्याचा ट्रक दवाखान्यावरून जातोच. तिथल्या गाड्या तर हा रोज उचलतो."

"आजी, ट्रक माणसं न्यायला नाही."

"मग मी एक दिवसाआड रस्त्यात बसेन आणि फोन करेन. फोनला पैसे पडत नाहीत. येऊन उचलावं तर लागेलच."

मुकादमाने धाकट्याकडे बघितलं. धाकटा जमिनीकडे बघत होता. "ही तुझी कोण?"

"आई."

"तरीच," मुकादम म्हणाला, आणि काडी कानातून काढून आत निघून गेला. त्याला हो समजायचं असं सासूबाईंनी ठरवलं.

तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी गल्लीच्या तोंडाशी टोइंगचा ट्रक येऊन उभा राहायचा. आधी आपल्या गाड्या न्यायला आलाय म्हणून लोकांची पळापळ झाली, मग सवय झाली. एका बाजूला धाकटा, एका बाजूला थोरली, मध्ये गादीवर सासूबाई. दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. सगळं मधून जायचं.

"आई, तिला म्हणावं दार आपटायचं नाही, ट्रक आहे, माहेरचं कपाट नाही."

"आई, त्यांना सांगा, दार आपटल्याशिवाय लागत नाही. तेल घालायचं असतं वर्षातून एकदा."

"मला कशाला सांगता? दोघांचेही कान माझ्या कानाहून चांगले आहेत," सासूबाई म्हणायच्या, आणि निरोप तरीही पोचवायच्या, थोडी फोडणी घालून.

ट्रक गाडी उचलायला थांबला की त्या सुई काढायच्या. चालत्या ट्रकमध्ये काज होत नाही. खाली गाडीचा मालक धावत यायचा, हातापाया पडायचा, मग शिव्यांवर उतरायचा. एकदा एकाने शिव्यांची सुरुवात आईपासून केली. सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, शिव्या त्याला द्यायच्या तेवढ्या दे, मी ऐकते. मला मध्ये ओढू नकोस. मी इथेच बसले आहे." त्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. थोरलीला हसू फुटलं. धाकट्याच्या मिशाही हलल्या. तिने ते बघितलं आणि लगेच तोंड फिरवून घेतलं.

दवाखान्याच्या दारात मात्र दर खेपेला तमाशा. पिवळ्या चौकटीजवळ ट्रक थांबला की तोच पहारेकरी शिट्टी वाजवत यायचा. "इथे लावायचं नाही. ॲम्ब्युलन्सची जागा आहे."

"मला शिकवतोस?" धाकटा खेकसायचा.

"नियम सगळ्यांना सारखा," थोरली खिडकीबाहेर बघत म्हणायची, कोणालाच उद्देशून नाही. एकही दिवस तिने हे चुकवलं नाही. तिला तेवढाच मोबदला मिळाला होता, आणि ती तो पुरवून पुरवून खात होती.

त्याने आईला उचलून पायरीपर्यंत न्यायचं, थोरलीने तिथून धरायचं, आणि त्याने पहारेकऱ्याच्या नावाने बोटं मोडत ट्रक हलवायचा. काम संपलं की पुन्हा न्यायला यायचं. उशीर झाला तर थोरली सासूबाईंना ऐकवायची, पोहोचला वेळेवर तर काही म्हणायची नाही.

शेवटच्या खेपेलाही ह्यातलं काही बदललं नाही. थंडी होती. सासूबाईंना पायावर उभं राहताच येत नव्हतं, हाताच्या शिरा सुयांनी काळ्यानिळ्या झाल्या होत्या, पण गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं आणि काजं सगळी झाली होती. धाकट्याने त्यांना गादीवर बसवलं, गादी जरा सरकली होती ती थोरलीने आपल्या बाजूने ओढली, त्याने आपल्या बाजूने ढकलली. दार आपटलं. दाराबद्दलचा निरोप गेला, उलटा निरोप आला.

शिंप्याच्या दुकानासमोर ट्रक थांबला. शिंपी स्वतःच खाली उतरून आला, त्याला आता बोलवावं लागत नसे. त्याने गाठोड्याला हात लावला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. गाठ सोडायला बोटं चालेनात. थोरलीने सोडायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि सावकाश स्वतःच सोडली. वरचा शर्ट उलगडला. "घालून बघ."

शिंप्याने खिडकीतून हात आत घालून बटण काजात घातलं. नवं काज, जरा घट्ट गेलं.

"बसलं?"

"बसलं, काकू."

"बघ नीट. मागून तक्रार नको."

"बसलं, सांगतो ना."

त्यांनी गाठोडं त्याच्या हातात दिलं, पुढचं त्याच्याकडून घेतलं, मांडीवर ठेवून वरून थापटलं, आणि धाकट्याला म्हणाल्या, "चल आता. इथे गाडी लावायला मनाई आहे."